लाल ओळीखालची ओळ

कल्पना करा, की तुम्ही दुधाच्या टँकरच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसला आहात. सीट उंच आहे, तुमचे पाय खाली टेकत नाहीत. एप्रिल महिना, दुपारचे साडेबारा, आणि सोलापूरचं ऊन. समोर डेअरीचं गेट आणि गेटावर आडवी पडलेली लाल-पांढरी दांडी. दोन्ही बाजूंना भिंत. मागे दुसरा टँकर येऊन चिकटला आहे आणि हॉर्न वाजवतो आहे. दांडी वर गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि मागे तर जाताच येत नाही. बसलात नीट? आता ड्रायव्हरकडे बघा.

त्याचं नाव यशपाल. वय बेचाळीस. स्टिअरिंगवरचे त्याचे हात घामाने ओले झाले आहेत, पण तो घाम उन्हाचा नाही. दांडीपाशी तीन माणसं बोलत आहेत. त्यांतला एक आवाज त्याच्या मुलीचा आहे.

"अज्जा, हे चुकलंय," ती म्हणते आहे. "हितं चुकीचं लिहिलंय."

ही मुलगी म्हणजे बुद्धप्रिया, सहावीतली. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर ती पहिल्यांदाच डबे पोचवायला रिक्षाने आली होती. एक डबा वडिलांचा, दुसरा महादेवप्पा अज्जाचा. अज्जा म्हणजे कानडीत आजोबा. महादेवप्पा तिचा सख्खा आजोबा नव्हे. तो वडिलांच्या बरोबरचा ड्रायव्हर, बाळीवेशीत राहणारा, पण ती बोलायला लागली तेव्हापासून त्याला अज्जा आणि त्याच्या बायकोला चन्नम्माज्जी म्हणत होती. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत तोही टँकर चालवायचा. आता तो ह्या गेटवर बसून दांडी वर-खाली करत होता.

गेटच्या खोलीबाहेर टीव्हीएवढा एक पडदा लावलेला होता. सगळे त्याला फळा म्हणत. कुठला टँकर कुठे आहे, दूध किती थंड आहे, हे त्याच्यावर हिरव्या ओळींत येई. एखाद्या ड्रायव्हरचं काही चुकलं, की लाल ओळ येई, आणि ती वर्षभर तिथेच राही. बुद्धप्रियाला समोर येईल ते मोठ्याने वाचायची सवय होती. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, काहीही. तिने फळाही वाचला होता.

"चौदा जानेवारी, दहा वाजून वीस मिनिटं, कामती. वेग एकाहत्तर. मोटरसायकलस्वार जखमी. चालक महादेवप्पा." ती अज्जाकडे वळली. "पण त्या दिवशी तुमी गाडीवर नव्हताच की! सिद्धेश्वराच्या गड्ड्याची जत्रा होती. तुमी पांढरी बाराबंदी घालून काठी धरली होती. मी चन्नम्माज्जीसंगं रस्त्यावर हुबी होते. लई हाका मारल्या तुमाला. तुमी बघितलंसुद्धा न्हाई."

"काठी धरली की मान वळवायची नसती, अव्वा," महादेवप्पा हळू आवाजात म्हणाला. अव्वा म्हणजे आई; लाडाने तो तिला तसंच म्हणे. "जा, तू सावलीत बस. ऊन लागंल."

तिसरा माणूस सोमेश. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, गाड्यांमधल्या यंत्रांचं काम बघणारा. फळ्याची एक वायर सैल झाली होती म्हणून तो स्टुलावर चढला होता. तो वरूनच हसला.

"हा फळा चुकत नाही, बाळ. तू दुसऱ्या वर्षीचं आठवत असशील."

"ह्याच वर्षीचं! मला सहामाहीत मार्क चांगले पडले म्हणून अज्जीनं बांगड्या घेतल्या गड्ड्यावर. ह्या बघा."

मागच्या टँकरमधून मायाप्पाने डोकं बाहेर काढलं. "काय बे यशपाल, गेटातच मुक्काम का आज? दूध नासंल की!"

महादेवप्पाने दांडी उचलली. वाट मोकळी झाली. आता नुसता गिअर टाकायचा होता.

यशपालचा हात गिअरवर होता आणि तो हलत नव्हता.

त्याचा हात का हलत नव्हता, हे कळायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

यशपाल आणि महादेवप्पा यांची पंधरा वर्षांची एक रीत होती. दुधाला सण नसतो. गाई-म्हशी जत्रेच्या दिवशीही दूध देतात, म्हणून टँकर रोज निघतात. पण महादेवप्पाच्या घराण्यातला एक माणूस दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलतो. म्हणून चौदा जानेवारीला यशपाल आपली सुट्टी सोडून महादेवप्पाचा टँकर मंगळवेढ्याहून आणायचा. आणि चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, महादेवप्पा यशपालचा टँकर न्यायचा, म्हणजे यशपालला घरच्यांबरोबर मिरवणुकीत जाता यायचं. कुणी कुणाला विचारत नसे. फक्त आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर किल्ली या खिशातून त्या खिशात जायची.

तीन वर्षांपूर्वी प्रत्येक टँकरमध्ये एक काळी पेटी बसवली गेली आणि प्रत्येक ड्रायव्हरला एक कार्ड मिळालं. पेटीत त्या गाडीच्या ड्रायव्हरचं कार्ड घातल्याशिवाय गाडी चालू होत नसे. दोघांनी विचार केला, कार्ड म्हणजे नवी किल्लीच की. मग किल्लीसारखंच तेही या खिशातून त्या खिशात जाऊ लागलं. त्यांची चूक झाली ती इथे. त्यांच्या लेखी कार्ड म्हणजे किल्ली होती. पेटीच्या लेखी कार्ड म्हणजे माणूस होता.

पेटी काय करते, तेही सांगतो. समजा, तुमच्या वर्गात तेवीस मुलं आहेत आणि प्रत्येकाकडे एक वही आहे. वर्गात काहीही घडलं, की तेवीसही मुलं ते एकाच वेळी आपापल्या वहीत लिहितात. शिवाय प्रत्येक नव्या पानाच्या डोक्यावर आधीच्या पानाच्या अक्षरांची बेरीज लिहायची. आता एखाद्याला वाटलं, मागच्या पानावरचं आपलं नाव खोडावं. त्याने खोडलं, तर त्याची बेरीज चुकते, त्याच्या पुढच्या सगळ्या पानांची बेरीज चुकते, आणि बाकीचे बावीस जण म्हणतात, आमच्या वह्या बघा, हा खोटं सांगतोय. डेअरीचे टँकर तेवीस होते. रस्त्याने जाताना ते एकमेकांशी बोलत. पुढे वळणावर गर्दी आहे, इथे रस्ता निसरडा आहे, आत्ता या गाडीने जोरात ब्रेक मारला. आणि प्रत्येक टँकरची पेटी उरलेल्या सगळ्यांच्या नोंदी जपून ठेवत असे. एकाची वही चोरीला गेली, तरी बावीस उरत. दूध चोरणाऱ्यांनी मधल्या मधे आकडे बदलू नयेत, म्हणून केलेली ही चांगली सोय होती.

पण खोडता न येणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. तेवीस मुलांनी चुकीचं ऐकलं, तर ते चुकीचंच तेवीस वह्यांत पक्कं होतं.

या वर्षीच्या चौदा जानेवारीला यशपाल घाईत होता. "बाबा, अज्जाची काठी बघायला तुमी पण यायचं," असं बुद्धप्रियाने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. कामतीजवळ साठची मर्यादा होती, तो सत्तरच्या वर गेला. पेटीतली बाई दोनदा म्हणाली, "कृपया वेग कमी करा." शेताच्या वाटेने एक मोटरसायकल अचानक डांबरी रस्त्यावर आली. मागे कडब्याच्या पेंढ्या बांधलेल्या. यशपालने ब्रेक दाबला, टँकर घसरत गेला आणि मोटरसायकलवाला रस्त्याकडेच्या चारीत पडला. त्याचं नाव गुरप्पा. खांदा मोडला होता. यशपालने त्याला उचलून केबिनमध्ये घेतलं आणि वाट वाकडी करून मोहोळच्या दवाखान्यात नेलं. वेग सोडला, तर इथपर्यंत त्याचं वागणं ठीक होतं.

दवाखान्यात कागद भरणाऱ्या माणसाने विचारलं, "ड्रायव्हरचं नाव?"

यशपालच्या हातात महादेवप्पाचं कार्ड होतं. खरं नाव सांगितलं, तर दुसऱ्याचं कार्ड कसं, हा प्रश्न येणार. तो म्हणाला, "महादेवप्पा."

एवढा एकच शब्द.

गुरप्पाने तक्रार केली नाही. "मीबी न बघता आलो की," म्हणाला. पण पेटीने वेग लिहिला होता, ब्रेक लिहिला होता, जागा आणि वेळ लिहिली होती, आणि कार्डावरचं नाव लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी यशपाल बाळीवेशीत गेला. महादेवप्पा खांद्याला तेल लावून घेत बसला होता. यशपालने त्याला सगळं सांगितलं.

"उद्या हापिसात जाऊन सांगतो, अण्णा," यशपाल म्हणाला.

"काय सांगतोस? आपण कार्ड बदलतो म्हणून? दोघंबी घरी बसू. गप बस, तम्मा." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. "माझं एक वरीस राहिलंय. तुजी सोळा. एका लाल ओळीनं मी काय मरत न्हाई."

चौकशीत महादेवप्पाने "व्हय, मीच होतो" म्हणून अंगठा लावला. त्याचं कार्ड बंद झालं. एकतीस वर्षं ज्याच्या गाडीला ओरखडा आला नव्हता, तो गेटवर आला. यशपालने दोनदा तोंड उघडायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा महादेवप्पाने डोळे वटारले. तेव्हापासून रोज दोन वेळा यशपाल या गेटातून जात होता. रोज दोन वेळा महादेवप्पा त्याच्यासाठी दांडी उचलत होता आणि विचारत होता, "जेवलास का?" यशपाल मान हलवायचा आणि फळ्याकडे न बघता आत जायचा.

"मला मराठी फळा वाचता येत न्हाई बग," महादेवप्पा सगळ्यांना हसत सांगायचा. "माजी शाळा कानडी. काय लाल, काय हिरवं, आपल्याला सगळं सारखंच."

यशपालने त्याच बोलण्यावर तीन महिने काढले होते.

आता पुन्हा केबिनमध्ये या. दांडी वर गेलेली आहे. मागे मायाप्पा हॉर्न देतो आहे. बुद्धप्रिया टँकरकडे धावत आली आहे आणि पायरीवर चढून खिडकीला लोंबकळते आहे.

"बाबा, तुमी सांगा की यांना! अज्जा त्या दिवशी काठीपाशी होते का न्हाई?"

यशपालने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. अचानक इतकं शांत झालं, की मायाप्पाचाही हात हॉर्नवरून निघाला.

"होते," यशपाल म्हणाला.

"मग गाडी कोण चालवत होतं?"

तिने हे आरोप म्हणून विचारलं नव्हतं. गणितात एक माणूस उरला, की आपण विचारतो ना, तसं विचारलं होतं. यशपालने पेटीतून आपलं कार्ड काढलं, दार उघडलं आणि खाली उतरला.

"सोमेशदादा, मी चालवत होतो. कामतीत मीच ठोकली."

सोमेश स्टुलावरून उतरला. त्याने एकदा फळ्याकडे बघितलं, एकदा महादेवप्पाकडे.

"काका, मस्करी करू नका."

"मस्करी न्हाई. कार्ड अण्णाचं, गाडी मी चालवली. दवाखान्यात नाव मी खोटं सांगितलं. ती ओळ पुसा."

"पुसता येत नाही. मला नाही, मॅनेजरना नाही, कुणालाच नाही. तेवीस गाड्यांत ती आहे." सोमेशने कपाळावरचा घाम पुसला. "खाली नवी ओळ जोडता येते, तेवढंच. आधीची चुकली होती, खरं असं आहे, म्हणून. त्यावर तुमचा अंगठा लागेल. पण काका, नीट ऐका. ती जोडली, की तुमचं कार्ड लगेच बंद. आणि अण्णांनी कार्ड दिलं, वर खोटा अंगठा लावला. त्यांची ही गेटची नोकरीसुद्धा राहील की नाही, सांगता येत नाही."

यशपाल थांबला. म्हणजे आपण खरं बोललो, तर अण्णाला होतं तेवढंही उरत नाही. तीन महिने त्याला वाटत होतं, की बाहेर पडायला एक दार आहे, फक्त आपल्यात ते उघडायची हिंमत नाही. आता दारापाशी येऊन बघतो, तर दाराच्या पलीकडे अण्णा उभा.

"बघितलंस?" महादेवप्पा एकदम भडकला. "म्हणून म्हणलं हुतं, गप बस! ऐकतोस का कधी? बस गाडीत. सोमेश, ह्याला ऊन लागलंय, तू काय मनावर घेऊ नगंस."

यशपाल जागचा हलला नाही. गाडीतही बसला नाही, पुढेही गेला नाही.

"अज्जा," बुद्धप्रियाने महादेवप्पाचा हात धरला. "तुमाला वाचता येत न्हाई म्हणून तुमाला इतके दिस कळलं न्हाई. तितं तुमचं नाव लाल अक्षरात लिहिलंय. सगळे वाचतात ते."

महादेवप्पाने दांडीला बांधलेली दोरी हातात धरली होती. ती त्याने हळूच सोडली. दांडी पुन्हा खाली आली.

"वाचता येतं, अव्वा," तो म्हणाला. "सकाळी आलो की आदी तेच वाचतो. पोरं येतात, दुधवाले येतात, तेबी वाचतात आन् मग माज्याकडं बघतात." त्याने यशपालकडे बघायचं टाळलं. "एकतीस वरसं गाडी हाकली. कुत्रं आडवं आलं तरी थांबलो. काठी पेलताना मान वळत न्हाई, पण हितं... हितं रोज वळती."

यशपाल एक पाऊल त्याच्याकडे सरकला.

"जोड बाबा ती ओळ," महादेवप्पा सोमेशला म्हणाला. "गेटाचं काय घेऊन बसलास? दांडी वर-खाली करायला कुणीबी चालतं. आदी ह्याचा अंगठा घे. मग माजा. मीबी खोटं बोललो हुतो."

सोमेशने खोलीतून यंत्र आणलं. त्याने खालची ओळ लिहून काढली, मोठ्याने वाचून दाखवली आणि यंत्र पुढे धरलं. यशपालने शर्टाला अंगठा पुसला आणि लावला. मग महादेवप्पाने लावला. केबिनमधली पेटी एकदा वाजली. मागे मायाप्पाच्या गाडीतली वाजली. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर, मोहोळच्या रस्त्यावर, जिथे जिथे त्यांचे टँकर होते तिथे तिथे ती त्याच क्षणी वाजली असणार. फळ्यावरची लाल ओळ होती तशीच राहिली. तिच्याखाली दुसरी ओळ आली, तीही लाल. तिच्यात यशपालचं नाव होतं.

टँकर अजून गेटातच होता. यशपालने सवयीने वर चढून कार्ड घातलं. पेटीतली बाई नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "चालक ओळखला गेला नाही." तो खाली उतरला. शेवटी सोमेशने परवानगी दिली आणि मायाप्पाने तो टँकर आत नेला. जाताना मायाप्पाने काहीच चेष्टा केली नाही.

कडुनिंबाखाली दोघे शेजारी बसले. डबे मध्ये ठेवलेले, न उघडलेले.

"मंगळवारी जयंती," महादेवप्पा म्हणाला. "ह्या वरशी तुजी गाडी न्यायला मी न्हाई म्हणून जिवाला लागलं हुतं. आता तर तुलाच गाडी न्हाई. जा पोरीसंगं मिरवणुकीत."

यशपालने डब्याचं झाकण उघडलं, भाकरी मोडली आणि अर्धी अण्णापुढे ठेवली.

बुद्धप्रिया जरा लांब, दगडावर बसली होती. मंगळवारी विहारातल्या कार्यक्रमात तिला 'माझे बाबा' हा निबंध वाचायचा होता. कच्चा निबंध तिने पेन्सिलीने लिहिला होता. तिने दप्तरातून वही काढली. तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, 'माझ्या बाबांच्या गाडीने आजपर्यंत कुणाला खरचटलंसुद्धा नाही.' तिने कंपासपेटीतून खोडरबर काढलं आणि त्या ओळीवर ठेवलं. मग मान वर करून गेटवरच्या फळ्याकडे पाहिलं.

खोडरबर तिने परत कंपासपेटीत टाकलं.

ती उठून गेटच्या खोलीत गेली आणि तिथल्या वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन सोडवून घेऊन आली. निबंध जिथे संपला होता त्याच्या लगेच खाली, एकही ओळ रिकामी न सोडता, तिने लिहिलं, 'चौदा जानेवारीला गाडी माझे बाबा चालवत होते. गुरप्पाकाकांचा खांदा मोडला. बाबांनी हे आज सगळ्यांसमोर सांगितलं.' खाली तारीख घातली. मग वही महादेवप्पाच्या मांडीवर ठेवली.

"अज्जा, सही करा."

महादेवप्पाने हात धोतराला पुसले आणि सावकाश, गोल गोल कानडी अक्षरांत सही केली.

बुद्धप्रियाने वही वळवली आणि पेन वडिलांसमोर धरलं.